गरम पाण्याची नळी

नाही, आधी ऐकून घ्या, मग लिहा — तुमच्या कागदावर ‘हाताळणीतली चूक’ असं आलं की तुमची कंपनी पाणी गाळायचे नवे पडदे फुकट बदलून देणार नाही, आणि हाताळणारी कोण, तर मी एकटी. म्हणजे माझीच उचलबांगडी. अकरा वर्षं या कारखान्याचं सांडपाणी सांभाळतेय. तळणविभागाला विचारा ना — कढया धुतात, तेलकट पाणी इकडे ढकलतात आणि हात झटकून मोकळे. साहेब म्हणतात, बाई, टाकीतली घाण खाणारे तुमचे जंतू तेलही खातील की. खातील — पण किती? त्यांनाही पोट आहे. तेल आधी या पहिल्या टाकीत वर येऊन गोठतं, ते मी झाऱ्यानं काढायचं, मग खालचं पाणी जंतूंकडे, आणि तिथून तुमच्या पडद्यांतून गाळून बाहेर. इतकं सरळ आहे. आमचे हे म्हणतात, घरच्यांपेक्षा तुला त्या जंतूंचीच काळजी. असेल. ते निदान उलट बोलत नाहीत.

हसताय काय? पडदे बुजलेत, मलाही दिसतंय — मेणासारखा थर बसलाय. तेल पुढे गेलं. कसं गेलं, ते तळणवाल्यांना विचारा म्हटलं ना. काय? झाऱ्यानंच काढते. रोज. म्हणजे — थंडीत तो थर दगड होतो हो, झारा रुतत नाही, आणि माझा हा खांदा, बघा, एवढाच वर जातो. डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. साहेब म्हणतात जोडीला माणूस देतो — दोन वर्षं देतायत. मग काय करायचं माणसानं? गरम पाण्याची नळी सोडली की पाच मिनिटांत वितळतं, सगळं कसं अलगद पाण्याबरोबर खाली —

खाली जातं. पुढच्या टाकीत. आणि तिथं थंड झालं की...

खांदा धरला तेव्हापासून. तीन महिने झाले.

मीच की. अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, तेल पुढे जाऊ देऊ नका म्हणून.

थांबलात का? लिहा. त्या जंतूंच्या टाकीचा वास घेतलात? ओल्या मातीचा येतोय — म्हणजे जंतू जिवंत आहेत. तेवढंही लिहा, माझ्या जागी जी येईल तिला उपयोगी पडेल. आता सरका जरा, नळीवर पाय आहे तुमचा, गुंडाळून ठेवायचीय. झारा कशाला उचलताय? राहू द्या, मी घेते. निघा तुम्ही.