गल्लीचा नंबर उद्या धडगावला जातो

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गल्लीतले सर्वांत जुने रहिवासी आदरणीय दगाभाऊ, शाळेचं काम बाजूला ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या, सुरत महापालिकेच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका वैशालीताई, मधल्या खुर्चीवर बसवल्यामुळे अवघडून गेलेल्या आपल्या सत्कारमूर्ती धुरपदाबाई, मंडळाचे सर्व सभासद, आणि पाळी संपवून हातपाय धुऊन थेट इथं आलेले, कानात अजून लूमचा आवाज असलेले माझे बंधू आणि भगिनींनो,

सुरुवातीला एक हिशेब मांडतो. निरोपाच्या भाषणात हिशेब कसला, असं वैशालीताईंना वाटेल. पण आमची सवय जात नाही.

आपल्या काशिनाथला पांडेसऱ्याच्या नाक्यावर एक सिमकार्ड फुकट मिळालं. छत्री लावून एक जण वाटत बसला होता. सिमबरोबर टोपीही फुकट. काशिनाथनं टोपी घातली, नवं सिम टाकलं आणि जुनं तिथंच गटारात फेकलं. आता त्या फुकट सिमची खरी किंमत ऐका. जुन्या नंबराला बँक जोडलेली, म्हणून बँकेसाठी एक खाडा. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, आधी आधारवरचा नंबर बदलून आणा. दुसरा खाडा. आधार केंद्रावर मशीन अंगठाच घेईना. रंगाच्या हौदात वर्षं काढलेला माणूस, बोटांवर रेषा उरल्या असतील तर घेईल ना! मग डोळ्याचं मशीन. ते बंद. तिसरा खाडा. ते चालू झालं तेव्हा चौथा. त्या महिन्याची हजेरीची बक्षिसी गेली ती वेगळीच. आणि टोपी पहिल्या धुण्यात आकसली.

हसू नकोस काशिनाथ, तुझंच चाललंय.

चौथ्या खाड्याच्या संध्याकाळी हा माझ्यासमोर ओट्यावर बसून म्हणाला, "गणपतभाऊ, आते मी कोठेच मना नंबर देस नही. धुरपदामावशीनाच दी टाकस."

मंडळी, हे वाक्य एकट्या काशिनाथचं नाही. आपल्या नवागामच्या या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं आहे. गल्लीत नव्यानं आलेल्यांना हा प्रकार माहीत नसेल म्हणून थोडं उलगडून सांगतो. आमचा माणूस सकाळी कारखान्यात गेला की फोन दारावर जमा. जिथं जमा करत नाहीत तिथं लूमच्या खडखडाटात घंटी ऐकू कोणाला येते? आणि सगळ्या घरात मिळून फोन एकच, तोही त्याच्याकडे. इकडे दारात गॅसवाला उभा, शाळेत प्रवेशाचा अर्ज अडलेला, दवाखान्याच्या खिडकीवर बाई ताटकळलेली. प्रत्येकाला फोनवर येणारा तो कोड हवा. कोड आला आहे, पण तो बमरोलीच्या कारखान्यात, दारावरच्या खोक्यात, दुसऱ्या पन्नास फोनांखाली आला आहे! दहा मिनिटांत मरतो बिचारा.

मग गल्लीत असा फोन कुठला, की जो दिवसभर घरी असतो आणि ज्याचा नंबर बदलत नाही? धुरपदाबाईंचा. साड्यांना लेस लावायचं, धागे कापायचं काम त्या घरी आणतात आणि गल्लीतल्या बायकांना वाटतात. मार्केटमधले व्यापारी त्याच नंबरावर फोन करतात, म्हणून तो नंबर बदलायची सोय नाही. टोपी मिळत असली तरी नाही. एकीनं दिला, दुसरीनं दिला, पुढं आपण सगळ्यांनी अर्जावर डोळे मिटून तोच लिहायला सुरुवात केली. फोन बाईंचा, चार्जिंग बाईंचं, रिचार्ज बाईंचा, आणि कोड गल्लीचे.

कोणाचा पगार जमा झाला, कोणी पैसे काढले, कोणाचा हप्ता चुकला, हे सगळं त्या फोनवर. काशिनाथनं पैसे काढल्याचं त्याच्या बायकोच्या आधी बाईंना कळायचं. आजपर्यंत यातलं एक अक्षर बाईंच्या तोंडून कोणी ऐकलंय? कोणी असेल तर हात वर करा. नाही ना? आणि लेस लावायला रोज आठ-दहा बायका भोवती बसलेल्या असताना, बरं का.

एकदा एका भामट्याचा फोन आला. मी तिथंच बसलो होतो. गोड हिंदी आवाज. माताजी, बँक से बोल रहा हूँ, आपके पास एक कोड आया होगा. बाईंनी चष्मा लावला, फोन लांब धरला आणि शांतपणे विचारलं, "कोना पाहिजे भाऊ? मना जोडे आख्खी गल्लीना शेतस." एकाच फोनवर अख्ख्या गल्लीचे कोड, हे त्याच्या हिशेबात बसेना. बाई पुन्हा म्हणाल्या, "नाव सांग ना भाऊ, मी शोधी देस." त्यानंच फोन ठेवला. चोराला ज्यांनी दमवलं अशा सुरतेत या एकट्याच असतील.

या यंत्रांशी माझं स्वतःचं बरं जमतं, हे इथं नम्रपणे सांगायला हवं. मी सुरतेत आलो तो बॉबिन भरायला. आज स्वतःचे बारा लूम आहेत. खिशात हे पाहा, दोन फोन आहेत, एक धंद्याचा आणि एक घरचा, आणि दोन्ही नंबर जुनेच. कंपनीच्या मदत-क्रमांकावर गाण्याची धून ऐकत कसं बसायचं, एक दाबा म्हटलं की तीन का दाबायचं, हे मला समजतं. म्हणून आज जाहीरपणे सांगतो, या सभागृहात एक घर असं आहे, की ज्याचा एकही कोड कधी धुरपदाबाईंच्या फोनवर गेला नाही. ते माझं. टाळ्या वाजवल्यात तरी मी अडवणार नाही.

बरं, आभार.

आता मानपत्राबद्दल. तुम्ही पाहिलंत, मानपत्र हातानं लिहिलेलं आहे. वैशालीताईंचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण आमचा बेत छापायचा होता. मंडळाचा कॉम्प्युटर चालू झाला, हेच मोठं. मजकूर काळा, कागद पांढरा. प्रिंटर म्हणाला, निळी शाई संपली आहे. अरे, निळं मागितलंय कोणी? निळी शाई आणली तर म्हणाला, ही माझ्या कंपनीची नाही. आमच्या लोटूनं त्याला एक चापट मारली. लूमचं मशीन चापटीनं चालतं, तसं हे चालेल असा त्याचा हिशेब. तेव्हापासून तो प्रिंटर काहीच म्हणत नाही. शेवटी ताईंनी पेन उघडलं. ताई, मंडळातर्फे आभार.

तर मूळ मुद्द्यावर येतो.

बाईंची लेक हर्षदा धडगावकडे आश्रमशाळेत शिक्षिका आहे. नोकरी पक्की, पण घरी ती आणि तिचं दीड वर्षाचं बाळ. जावई मुंबईला कामाला. बाळ शेजाऱ्यांकडे ठेवून ती वर्गात जाते. तिनं आईला बोलावलं ते दिवाळीत. बाईंनी पिशवी भरली. तेव्हा आपण काय केलं? सगळे गेलो. मीच पुढं होतो. म्हटलं, बाई, बँकेत कागदपत्रांची तपासणी चालू आहे, सगळ्यांचे कोड तुमच्याकडे, एवढं होऊ द्या. बाई थांबल्या. होळीला पुन्हा पिशवी भरली. तेव्हा शाळेचे प्रवेश होते. बाई पुन्हा थांबल्या. तेव्हा हर्षदानं फोनवर जे विचारलं ते बाईंनी आम्हाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू तिथं नोकरीला आहेस का? मला तरी सांग, म्हणजे मी तुझ्या रजेचा अर्ज करते."

या वाक्यासाठी मंडळाची बैठक बसली. तिथं मला एक तोडगा सुचला. मी म्हणालो, बाई खुशाल जाऊ देत, सिम इथं ठेवून जाऊ देत. मंडळ एक फोन घेईल, इथं कपाटात ठेवेल, पाळीपाळीनं कोणीतरी बसेल. बाईंना नवं सिम देऊ. फुकट मिळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दगाभाऊसुद्धा म्हणाले, डोकं चाललं गणपतचं.

बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मालक गेले तेव्हा गावाला याच फोनवरून कळवलं. पोरीला नोकरी लागली ते याच्यावर कळलं. हाऊ नंबर मना शे, गणपतभाऊ, तुमना नही. मी जास, तो मना संगे ई."

मंडळी, आपल्याला तोवर खरोखरच वाटत होतं की तो नंबर आपला आहे. सार्वजनिक नळासारखा.

आणि नंबर बाईंसोबत गेला, तर कोडही जाणार. हर्षदाच्या गावाला रेंज येते ती शाळेच्या गच्चीवर, तीही वारा बरा असला तर. गॅसवाला नवागामच्या दारात आणि कोड सातपुड्यातल्या गच्चीवर. मग मात्र सगळे हलले. रविवारी वैशालीताई नंबर बदलायचे अर्ज घेऊन याच सभागृहात टेबल टाकून बसल्या. दर रविवारी रांग. बाईंचा नंबर कुठं कुठं दिला आहे तेच कोणाला आठवेना. लोटूच्या बायकोनं विचारलं, "ताई, मांजरीच्या इंजेक्शनलाही मावशीचाच दिला होता, तो बदलायचा का?" बोटं न उमटणाऱ्यांना आधार केंद्रावर पाठवलं, डोळ्याच्या मशीनसमोर बसवलं. आणि यावेळी ताईंनी एक अट घातली. जिथं गॅस, शाळा, दवाखाना, तिथं नंबर घरातल्या बाईचा. तिच्याकडे फोन नसेल तर आधी फोन घ्या, मग माझ्याकडे या. काही जणांनी तोंड वाकडं केलं. पण फोन घेतले.

आज मी अभिमानानं सांगू शकतो की काम पूर्ण झालं आहे. शंभर टक्के. बाईंच्या फोनवर आता फक्त बाईंचे निरोप येतात. उद्या सकाळी सहाच्या शहाद्याच्या बसमध्ये त्या मोकळ्या मनानं बसतील. तिसऱ्यांदा भरलेली पिशवी यावेळी उघडायची नाही, बाई.

किरण, तुला जेवणाकडे बघायला ठेवलंय ना, दारातून काय खुणा करतोस? जेवण तयार आहे का? नाही? मग?

काय? सिलिंडर संपला?

मंडळी, दोन मिनिटं. खिचडी माझ्या घरी शिजते आहे, मागच्याच बोळात. आमच्या बाईसाहेबांनी, मंदानं, सकाळीच दुसरा सिलिंडर नोंदवला होता, तो घेऊन माणूस आला आहे. मग घ्या की आत. काय मागतो तो? कोड. हो, कोड लागतोच. गुजरातीत ओरडतोय बघा, "काका, कोड आपो, मोडुं थाय छे!" उशीर होतोय? देतो रे बाबा, देतो. या फोनवर बघतो. नाही. मग या दुसऱ्यावर असेल. यावरही नाही. रेंज तर भरपूर आहे.

हा कुठं वाजला?

धुरपदाबाई, राहू द्या, तुमच्या लेकीचा असेल. नाही? चष्मा लावताय. बरं, वाचा. बाई विचारतायत, "कोना शे?" बाई, तुम्हीच सांगा, नाव असेल त्यात.

हसा. दगाभाऊ, तुम्हीही हसा, अध्यक्षांना मनाई नाही.

मंदा, तू मागच्या रांगेत आहेस ना? उभी राहा. हा काय प्रकार आहे? जरा मोठ्यानं बोल, सगळ्यांना ऐकू दे. "तुम्ही उचलता का फोन? एक धंद्याचा म्हणून उचलत नाही, एक घरचा म्हणून उचलत नाही. मंग मी कोना देऊ?" बरं. बस. आणि रविवारी रांगेत का आली नाहीस? "तुम्हीच म्हणालात, आपल्या घरचं काही नाही, उगाच गर्दी करू नको."

म्हणालो होतो.

बाईंनी कोड वाचून दाखवला आहे, किरणनं पळत नेला आहे, खिचडी होईल. बाई मला काहीतरी सांगतायत, तेही तुमच्यापासून लपवत नाही. म्हणतायत, "गणपतभाऊ, मी काई थांबस नही, बरं का." नका थांबू, बाई. कोणी थांबवायला आलंच, तर मलाही ऐकू नका. उद्या सकाळी तुमची पिशवी बसच्या टपावर मी चढवीन आणि तिथूनच गॅस एजन्सीच्या रांगेत जाऊन उभा राहीन. कारखान्यात उद्या माझा खाडा लावा. काशिनाथ, तू सोबत चल, तुला रांगांची माहिती आहे.

बाई, तिथं गेल्यावर फोन उशाशी ठेवू नका. वाजला तरी उठू नका. नातवाला घेऊन बसा. आमचं कोणाचं काही आलंच तर येऊ द्या, आपोआप मरतं ते दहा मिनिटांत. एवढी वर्षं आमची गुपितं तुम्ही सांभाळलीत, त्याचे आभार कसे मानावेत हे मंडळाला कळत नाही. म्हणून ही साडी. लेस तुम्हीच लावलेली आहे, ते दुकानदाराला माहीत नव्हतं.

अध्यक्ष दगाभाऊ, वैशालीताई, मंडळानं मला बोलायची संधी दिली, आणि तुम्ही सगळ्यांनी पाळी करून आल्यावरही जागं राहून ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्यावं. काशिनाथची टोपी काढायला नको होती. आणि एक गोष्ट मघाशी चुकीची सांगितली गेली, ती दुरुस्त करून खाली बसतो. आमच्या घरचा गॅस मंदाच्या नावावर आहे, आणि त्याला नंबर पहिल्या दिवसापासून धुरपदाबाईंचा आहे.