गजाआडचा पहिला घास

माहेर माहं वैनगंगेच्या काठचं अन् सासर हे आरमोरीकडचं तळ्याचं गाव, म्हनजे मी पान्यातून निघाली अन् पान्यातच पडली, ढिवराची पोर आनखी कुठी पडनार भाऊ. बाप डोंगा चालवे, माय बाजारात मासोळी विके. लगनात बापानं एक गंज देल्ला, एक जाळं देल्लं अन् एक नवरा पाहून देल्ला. गंज अजून हाय, त्यातच भात शिजून राह्यला. जाळं फाटलं. नवरा मंधात कितीतरी वर्सं सरकारनं ठेवून घेतला, पन परत केला, तेच सांगून राह्यली तुमाले.

आमच्या तळ्यात मोठं जाळं ओढाले तिघं असत. सोमाजी, सोमाजीचा लहान भाऊ बुधा, अन् तिसरे आमचे घरचे. नाव मी घेत नाई, सोमाजी त्याइले मंगरू म्हने, तुमी तसंच लिहा. तिघंही एका जाळ्याचे, एका चिलमीचे, तिघाइले भांडाले दुसरं कोनी लागतच नोतं. त्या साली होळीच्या आंगंमागं तळ्यात मासोळी धरली, वरून मोहाची प्याले, अन् एक मोठी मरळ निघाली तिच्यावरून बुधाचं अन् घरच्याइचं लागलं. काऊन लागलं? कोन आधी पाह्यली, बस एवढ्यावरून. हातात जाळ्याचा बांबू होता. एकच हानला, अन् तो बुधाच्या कानशिलावर बसला. उजाडता उजाडता बुधा गेला. ती मरळ तळ्याच्या पाळीवर तशीच पडून सडली, कोनी हात नाई लावला. आमचे घरचे कुठी पळाले नाई, पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसले अन् म्हने मले बांधा. चांद्याच्या कोर्टानं जनमठेप ठोकली.

आता काय सांगू तुमाले, आमच्या जातीत बेडी पडली का मानूस जातीच्या बाहेर. अन् जातीतलाच मानूस मारला म्हनल्यावर तर विचारूच नका. परत जातीत याचं असंन तर त्याचीही रीत हाय, नाई असं नाई. आधी सुटून यावं, आंघोळ करावी, पंगत द्यावी, अन् मेलेल्याच्या घरच्यानं मारनाऱ्याच्या हातून पहिला घास घ्यावा. त्यानं घेतला का सारी जात जेवते. त्यानं नाई घेतला तर भात गंजातच राह्यते अन् मानूस बाहेरच. म्हनजे सारं सोमाजीच्या तोंडावर होतं.

सोमाजी माह्याशी बोलत नोता. पन तळ्यातली मासोळी धरली का आमच्या कुडाच्या खुटीले एक वाटा टांगून जाये. हाक नाई, खोकलनं नाई. मी दाराआडून पाहो, तो पाठमोरा जाये. पहिल्या वेळी वाटलं का परत नेऊन द्यावं, मंग पोराइचे तोंड पाह्यले अन् रांधलं.

असे वर्सं गेले. मंग कोनी सांगितलं का नागपूरच्या जेलात सुटकेची कमेटी बसते. चालचलन चांगली असली का जेलवाले नाव पाठवतेत, मंग कलेक्टर, पोलिस अन् दोन प्रतिष्ठित असे टेबलाभवती बसतेत. प्रतिष्ठित म्हनजे कोन गा, मी शाळेच्या मास्तरले विचारलं, तर मास्तर म्हने ज्याइले कोनी कधी पकडत नाई ते. तर त्या कमेटीले पाहा लागते का हा मानूस गावात गेला तर गाव त्याले घेईल का, का पुन्हा डोके फुटतीन.

म्हनून चौकशीले साहेब आले. टोपी, बूट, मांगून पट्टेवाला. गावात साहेबाले बसाले खुर्ची नोती, ती शाळेतून आनली, तिचा एक पाय आखूड होता, तं साहेब जे विचारे ते डाव्या अंगाले कलून विचारे. आमच्या जातीचा पाटील पागोटं बांधून समोर बसला. साहेबानं विचारलं, मंगरूशी आज गावाचं कसं हाय? पाटील म्हनजे जे हाय ते सांगनारा मानूस. तो म्हने, साहेब, खोटं नाई सांगत, आज त्याच्या हातचं पानी कोनी पिनार नाई अन् त्याच्या दारात पंगत बसनार नाई. त्याच्या पुढची रीत सांगाले त्यानं तोंड उघडलं, पन तोवर साहेबानं पेनाले टोपन लावलं होतं. साहेबाले बैलबंडीची घाई, पाटलाले वाटलं साहेबाले सारं ठाऊकच असंन, एवढी मोठी टोपी हाय.

कमेटीनं नाई म्हनलं. गाव घेत नाई, राहू द्या आतच.

मी पाटलाच्या दारात जाऊन बसली. म्हनलं, पाटील, तुमी त्याइले गाडलं. पाटील बिचारा रडाले लागला, म्हने बाई, मी काय खोटं बोललो? मंग आमी दोघं बसून इचार केला तवा समजलं का गाडं कुठी फसलं. सरकार म्हनते आधी गावानं घ्यावं, मंग आमी सोडतो. जात म्हनते आधी सरकारनं सोडावं, मंग आमी घेतो. दोघंही मोठे लोक, दोघंही दारात उभे, आधी तुमी आधी तुमी करत, अन् माहा मानूस मंधात.

उपाय एकच होता अन् तो सोमाजीच्या घरी होता. मी गेली. तो जाळं विनत बसला होता. मी उंबऱ्याबाहेर बसली अन् सारं सांगितलं, का घास आधीच, तिथीच जेलात घेतला तर पाटलाले खरं बोलूनही हो म्हनता येईन. सोमाजीचा हात थांबला नाई. मंग म्हने, माहा भाऊ मेला अन् त्या साहेबानं पागोट्याले विचारलं, मले नाई विचारलं. मी म्हनलं, भाऊ, विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? तो म्हने, ते तुले काऊन सांगू. मी उठाले लागली तवा जाळ्याकडं पाहूनच बोलला, एका दिवशी दोघं गेले वो माह्या जाळ्यावरचे. एक तर येत नाई. दुसरा येत असंन तर आनून पाहू.

मंग मी, सोमाजी अन् साक्षीले पाटील, असे नागभीडहून छोट्या रेलगाडीनं नागपूरले गेलो. मी घरून मुरमुरे नेले होते, शिजलेलं अन्न आत जाऊ देत नाईत म्हने. शिपायानं ते मुरमुरे असे चाळून पाह्यले का जसं त्यात करवत लपवली हाय.

गजाच्या तिकडून घरचे आले. केस पांढरे, अंगावर पट्ट्याचे कपडे. सोमाजीले पाह्यलं अन् खालीच बसले. पाटील म्हने, ऊठ गा मंगरू, मुरमुरे घे अन् सोमाजीले दे. त्याइनं मूठ भरली, हात गजाबाहेर काढला. शिपाई ओरडला, ए, कैद्यानं बाहेरच्याले काई द्याचं नाई! झालं, जेलर आले. पाटलानं या वेळी काईच सोडलं नाई, पेनाले टोपन नाई अन् काई नाई, आजा-पंज्यापासूनची रीत सांगून मोकळा झाला. जेलरनं नियमाचं पुस्तक मागवलं. कैद्याले काय द्यावं ते लिहिलं होतं, कैद्यानं काय पळवू नये ते लिहिलं होतं. कैद्यानं भेटीले आलेल्याले जेवू घालू नये, असं कुठीच नाई लिहिलं, कोनी असं करील हे लिहिनाऱ्याले सुचलंच नाई. जेलर म्हने, चालू द्या, मी पाह्यतो.

तो हात तसाच बाहेर होता भाऊ, अर्धे मुरमुरे खालीच सांडले. ज्या हातात बांबू होता तोच हात. सोमाजी त्या हाताकडं पाहतच राह्यला. मंग सोमाजीनं तोंड खाली नेऊन हातातूनच घास घेतला, चावला, गिळला, अन् म्हने, मीठ नाई गा याच्यात. मंग त्याइच्या चंबूतलं पानीही प्याला. घरचे गजाले डोकं लावून लहान लेकरासारखे रडले. सोमाजी म्हने, रडू नको, जाळ्याले भोकं पडले हायेत, ये लवकर.

पुढच्या वेळी कमेटी बसली तवा जेलरनं पाह्यलं ते सांगितलं. एक प्रतिष्ठित म्हनले का मुरमुऱ्यानं काय होते, तर जेलर म्हनले, गावात त्यानंच होते. सोडलं. पन कमेटीनं सोडलं म्हनजे सुटलं नाई, दर महिन्याले आरमोरीच्या ठान्यात हाजरी, दारू नाई, मारामारी नाई, चांगल्या लोकाइच्या संगतीत राहाचं, अन् वर एक जामीन. जामीन कोन? सोमाजीनं अंगठा देल्ला. ठान्यातले हवालदार तीनदा विचारे, तू मेलेल्याचा भाऊ ना? मंग याचा जामीन कसा? सोमाजी म्हने, मंग दुसऱ्या कोनाले याच्यावर माह्याएवढी नजर ठेवाची गरज हाय का साहेब?

दर महिन्याले बाजाराच्या दिवशी दोघं जात. मंधात राज्य बदललं, नागपूरचे कागद मुंबईले जाले लागले, पन हाजरीचा ओटा तोच अन् हवालदाराचं पान तेच.

यंदा हाजरीची मुदत सरली. हवालदार म्हने, मंगरू, आता येऊ नको, सरकारचं तुह्याशी काई नाई. मले वाटलं आता पायपीट गेली. तर पुढल्या बाजारी पाह्यते तं दोघं निघाले. मी म्हनलं, आता कुठी? सोमाजी म्हने, सरकारचा जामीन सरला वो बाई, माहा नाई सरला. ठान्याच्या ओट्यावर बसतेत, हवालदाराचं पान खातेत, कोनाची मासोळी मोठी यावरून भांडतेत अन् संध्याकाळी परत येतेत. भांडू द्या. हातात बांबू नसते.

बुधाची आठवन येते. मरळ आमच्या घरी अजूनही शिजत नाई. बाकी सारं बरं हाय भाऊ, पोरं पोहतेत, तळ्यात पानी हाय. लिहिनं ठेवा आता, भात झाला. ते दोघं येतच असतीन, पन तुमी पाहुने हा, पहिला घास तुमी घ्या.