विमानाची दृष्ट

हसू नका, ठाण्याच्या मिठागरातलं मीठ मी विमानातून नैरोबीला नेलंय. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झालेली. हे तिथे नोकरीला, म्हणून दोन पोरांना घेऊन मी निघालेले. विमान समुद्रावर आलं नि धाकटी रडून रडून काळीनिळी झाली. सासूबाईंनी पदराला बांधून दिलेल्या मिठानं मी तिची दृष्ट काढली, मीठ पाण्याच्या पेल्यात टाकलं. पोर झोपली की!

हवाईसुंदरी बघतच राहिली. पुढे जाऊन आली नि हसत म्हणाली, "बाई, पायलटसाहेब विचारतायत, विमानाचीही काढाल का?"

"काढीन. पण आत बसून कशी? आधी उतरू दे."

खाली उतरून वर बघितलं. एवढं थोरलं धूड माझी लेकरं आभाळातून घेऊन आलं! उरलेलं मीठ मुठीत धरून सात वेळा ओवाळलं. थट्टा करणारा गोरा पायलट टोपी काढून उभा होता.