कै. नंतरचं टिंब

मंडळी, एक सांगा. माणूस गेला, हे ठरवायचं कोणी?

डॉक्टरनं? ठीक. यमानं? त्याचा तर धंदाच तो! पण डॉक्टर झोपलेला, यम दुसऱ्या गावाला गेलेला, आणि माणूस पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून शेंगदाणे खातोय — आणि तरी तो गेला! जाहीर झालं! छापून आलं! असं कधी ऐकलंत? नाही ना? मग टाळ जरा खाली ठेवा आणि ऐका.

पिंपळटेक नावाचं गाव. गावात सार्वजनिक वाचनालय. त्याला पंचाहत्तर वर्षं झाली, म्हणून समारंभ ठरला. अध्यक्ष यमुनाताई ढोबळे — निवृत्त मुख्याध्यापिका. या बाई नुसत्या खाकरल्या तरी साठीचे पुरुष विड्या विझवतात. बाईंनी स्मरणिका काढायची ठरवली. लहानशीच, आठ पानांची. मजकूर स्वतः टाइप केला, पेनड्राइव्हवर घेतला, आणि गेल्या तुषारकडे.

तुषार वाकचौरे. संगणक इंजिनिअर. घरी बसूनच कंपनीचं काम करायचा. कानात कायम दोन बोंडं घातलेली. घरात वडील आणि हा, दोघंच. वडील कैलासअप्पा. चाळीस वर्षं वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायचे. खळ शिजवायची, दोरा ओवायचा, पाठीला कापड लावायचं. कधी कोणी शाबास म्हटलं नाही, यांनीही कधी वाट बघितली नाही. पण या वेळी यमुनाताईंनी ठरवलं, सत्कार करायचा. एकाच माणसाचा. कैलासअप्पांचा! अप्पांनी त्यासाठी नवी टोपी आणली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नाव घेणार होतं हो!

बाई तुषारला म्हणाल्या, "हे बघ. यात पाच भाग आहेत. कार्यक्रम, सत्कार, समिती, हयात सभासद, दिवंगत सभासद. शेवटचे दोन भाग तेवढे अक्षरक्रमानं लाव. बाकीच्याला हात लावायचा नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाई," तुषार म्हणाला.

मंडळी, जगातली सगळी संकटं याच वाक्यानं सुरू होतात!

आता ही पोरं काम कसं करतात, ठाऊक आहे? चित्रबित्र काही नाही. काळाकुट्ट पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं. सॉर्ट म्हटलं की ओळी रांगेत उभ्या. ग्रेप म्हटलं की हव्या तेवढ्या ओळी बाहेर. सॉर्टला भूक लागत नाही, ग्रेपला झोप येत नाही, आणि दोघांनाही अक्कल नाही. सांगाल तेवढंच करणार. सरकारी कारभार समजा, फक्त वेग जास्त.

शहाण्यानं काय करावं? फाईल कापावी. वरचा तुकडा बाजूला. खालचा एकेक तुकडा लावून घ्यावा. मग सगळं पुन्हा जोडावं. अप्पा नाही का पुस्तक शिवताना करायचे? एक जुज ढिला झाला — जुज म्हणजे सोळा पानांची घडी — तर तेवढाच काढायचा. अख्खं पुस्तक उसवायचं नाही! बाप हे चाळीस वर्षं त्याच घरात करत होता. पण मुलाची पाठ तिकडे!

तुषारनं अख्खी फाईल सॉर्टच्या तोंडी दिली. वर आणखी हुशारी — एकसारखी ओळ दोनदा आली तर एक काढून टाक म्हणाला. आणि सगळं त्याच नावानं त्याच पेनड्राइव्हवर ठेवायला सांगितलं, म्हणजे मूळ मजकूर पुसला जाणार. दाबलं एंटर.

आणि बघतो तर काय! पाचही मथळे — त्यांच्या आधी बाईंनी आकडे घातले होते ना — वर जाऊन एकाखाली एक बसलेले, आणि खाली तीनशे ओळींचा ढीग! समितीचा चिटणीस दिवंगतांच्या शेजारी. 'चहापान' सभासदांच्या रांगेत, जणू चहापान नावाचे कोणी गृहस्थ वर्गणीदार आहेत!

तुषारनं कपाळाला हात लावला. बाईंकडे मूळ प्रत होती हो! एक फोन करायचा होता. पण करणार कसा? इंजिनिअर ना! त्यानं विचार केला, आपणच निस्तरू. कार्यक्रमाच्या आठ ओळी नजरेनं ओळखल्या, आणि सापडल्या त्या क्रमानं उचलून ठेवल्या. समितीची सात नावं आठवून काढली. सत्काराखाली काहीच उरलं नव्हतं. तो म्हणाला, ते स्टेजवर सांगणार असतील.

राहिले दिवंगत. ते कसे ओळखायचे? सोपं! प्रत्येकाच्या नावामागे बाईंनी 'कै.' लावलं होतं. कैलासवासीचं कै, पुढे टिंब. तुषारनं ग्रेपला हुकूम सोडला, ओळीच्या सुरुवातीला क-ला दोन मात्रे कै, आणि त्यापुढे टिंब, अशा ओळी काढ.

नेमक्या त्याच वेळी कैलासअप्पा आत आले. डोक्यावर नवी टोपी. दारात उभे राहिले. दोनदा खाकरले. मग म्हणाले, "तुषार, टोपी बरी दिसते का रे?"

तुषार पडद्याकडे बघत म्हणाला, "हो हो. ठेवा तिकडे."

अप्पांनी टोपी काढली. ठेवली तिकडे. गेले.

आणि इकडे पडद्यावर यादी आली. बाईंनी मथळ्यात लिहून ठेवलं होतं, दिवंगत सभासद, एकसष्ट. तुषारनं मोजले. बासष्ट! एक जास्त. पुन्हा मोजले. बासष्टच. मंडळी, एक अख्खं माणूस जास्तीचं मेलेलं! तुमचा-माझा तर जीव घाबरा झाला असता. तुषार काय म्हणाला? "असेल कोणीतरी." मथळ्यातल्या एकसष्टचे बासष्ट केले आणि फाईल प्रेसला पाठवून दिली!

प्रेसवाले काका अक्षराचे पक्के. त्यांनी वाचलं, एकसष्ट जणांना 'कै.' आहे आणि शेवटच्यालाच नाही. काका हळहळले. एवढ्या माणसाचाच मान का राखला नाही म्हणाले. आणि पदरचं 'कै.' लावून टाकलं!

उजाडला रविवार. सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या अंगणात दोनशे माणसं. पुढच्या रांगेत कैलासअप्पा, धुतलेला सदरा, मांडीवर टोपी. खिशात शेंगदाणे. स्मरणिकेचा गठ्ठा थेट अंगणातच आला. सूत्रसंचालक विशे सर. सरांचा नियम कडक होता. छापलेलं वाचायचं, छापलेल्याबाहेर एक शब्द नाही.

सरांनी स्मरणिका उघडली, ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली आणि म्हणाले, "कार्यक्रम पहिला. आभार."

अंगण चकित! पण आभारच मानले म्हटल्यावर काय, पन्नास माणसं चपला शोधायला लागली. दुसरा कार्यक्रम — चहापान. चहा पिऊन शंभर माणसं घरी! मग दीपप्रज्वलन, मग प्रार्थना, मग भाषण. भाषणाला पाहुणे उभे राहिले तोवर समोर तीस डोकी. यमुनाताई खाकरत होत्या, पण सरांना छापलेल्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. आणि तुषारच्या आता लक्षात आलं. आ, च, दी, प्रा, भा… सगळा समारंभ अक्षरक्रमानं चालला होता! पुढचं अक्षर श!

"श्रद्धांजली," सर म्हणाले.

एकेक नाव वाचलं. साठ. एकसष्ट. बासष्टावं — "कै. कैलास गणपत वाकचौरे."

अप्पांनी तोंडातला शेंगदाणा चावायचा थांबवला. मागे वळून बघितलं, या नावाचा दुसरा कोणी आलाय का. नव्हता. शेजारचे रंगनाथराव नुकतेच चष्मा पुसत होते, ते अप्पांच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट झालं हो. कधी?"

"मलाही आत्ताच कळलं," अप्पा म्हणाले.

दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. सगळे उठले. आणि मंडळी, अप्पाही उठले! हात जोडून, मान खाली घालून, स्वतःसाठी उभे राहिले. काय करणार? छापलं होतं ना! मागच्या रांगेतून तुषारला बापाचं पांढरं डोकं दिसत होतं. केस विरळ झालेले. हे कधी झालं? त्याला ठाऊकच नव्हतं! रोज दोन हातांवर असलेला माणूस, आणि दोन मिनिटं सलग आज बघितला — तेही श्रद्धांजलीला!

सर म्हणाले, "सत्कार." थांबले. पान उलटलं, परत सुलटलं. "सत्कार कोणाचा, ते छापलेलं नाही."

शाल धरून यमुनाताई उभ्या राहिल्या. सरळ तुषारकडे बघितलं.

तुषार उठला. कानातली बोंडं काढली.

"तिथं माझ्या वडिलांचं नाव होतं," तो म्हणाला. "ते गेलेले नाहीत. यादीत एक माणूस जास्त झाला होता, मी म्हटलं असेल कोणीतरी. मी बघितलं नाही."

आता बाप काय करणार? रागावणार? उठून जाणार? अप्पांनी सावकाश मांडीवरची टोपी डोक्याला चढवली, दोन्ही हातांनी बसवली, आणि मुलाकडे तोंड केलं.

"मग आता बघून सांग. टोपी बरी दिसते का?"

तुषार पुढे आला. बापाकडे बघितलं. पुरतं बघितलं.

"लेबल राहिलंय, अप्पा," तो म्हणाला, आणि हातानं तोडून काढलं. तोडायला जरा वेळच लागला, कारण डोळ्यांपुढे धूसर झालं होतं.

शाल घातली. टाळ्या वाजल्या. माणसं तीसच, पण हात साठ! टाळ्या थांबल्या, आणि विशे सरांनी स्मरणिकेत शेवटची ओळ बघितली. आयुष्यात पहिल्यांदा सर छापलेलं बघून हसले.

"शेवटचा कार्यक्रम," ते म्हणाले. "स्वागत."

बाईंनी गुलाबाचं फूल उचललं आणि कैलासअप्पांच्या हातात दिलं.

मंडळी, आता चूक सांगतो. तुषारनं टिंब दिलं होतं की नाही? दिलं होतं! 'कै' आणि पुढे टिंब. मग कैलास त्यात आला कसा? तर ग्रेपच्या भाषेत टिंब म्हणजे टिंब नव्हे हो! त्या भाषेत टिंबाचा अर्थ — कोणीही. कै आणि पुढे कोणतंही अक्षर. कैलासचा ल तिथं चपखल बसला! आणि हे नाव सत्कारात नि हयातांत असं दोनदा होतं, त्यातलं एक सॉर्टनं आधीच काढलेलं; उरलेलं हे असं गेलं!

धक्का बसला ना? बसू द्या! त्या यंत्राला ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नाही. कै. नंतरच्या टिंबाच्या जागी कोणीही येतं. आज हा आला, उद्या तो, परवा हे बुवा! त्याचं भय नाही, ती जागा सगळ्यांचीच. भय याचं, की टिंब लागायच्या आधीच आपण लावून मोकळे होतो! घरी एक माणूस असतं. दारात उभं राहतं. दोनदा खाकरतं. काहीतरी विचारतं. आणि आपण मान वर न करता म्हणतो, ठेवा तिकडे. लागलं कै.! प्रेसची गरज नाही!

तेव्हा आता उठाल, घरी जाल. दार कोण उघडतं ते बघा. नीट बघा. आपल्या यादीत एखादं जास्तीचं गेलं नाही ना, मोजा. मोजून झालं की या परत, आरती तोवर थांबेल. ज्याच्या मोजणीत एकही माणूस 'कोणीतरी' नसतो, त्याच्या नावानं उचला टाळ!