खंड्याची शीळ

माउनच्या बसथांब्यावर आपल्या बसची वाट पाहणाऱ्या लोराटो नावाच्या मुलीच्या पुढेच एक सफारी गाइड सुटणाऱ्या बसच्या खिडकीतून बायकोचा निरोप घेत होता.

"हिवाळा सिंह बघणाऱ्यांचा, उन्हाळा पक्षी बघणाऱ्यांचा. आमचा ऋतू कुठला, रा-टुमो?" बायकोने विचारलं; लेकीच्या नावावरून, टुमोचे बाबा म्हणून, ती त्याला अशीच हाक मारी.

"तीन महिन्यांनी येतोच की."

"तेव्हा नेहमीसारखी फाटकातून खंड्याची शीळ घालाल, टुमो धावत येईल. पण आता खरा खंड्या आलाय मोरुलाच्या झाडावर. तो रोज पहाटे ओरडतो आणि पोरगी अनवाणी फाटकाशी पळते."

"सांगायचंस ना, पक्षी आहे म्हणून."

"सांगितलं. म्हणते, मग बाबा त्याच्या मागेच असतील."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बोला की! पाहुण्यांपुढे तर तोंड मिटत नाही तुमचं."

"यापुढे वेगळी शीळ घालेन. कुठल्याच पक्ष्याची नसलेली. ऐक, आणि तिला शिकव."

त्याने खिडकीतून शीळ घातली. बस हलली. तिने ओठ जुळवले, नुसती हवाच आली.

"अहो, मला कुठे येते शीळ!"

बस वळणाआड गेली. ती लोराटोकडे वळली.

"तू ऐकलीस ना गं? येते तुला?"

लोराटोने शीळ घातली.

"पुन्हा घाल," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.