गायत्री अक्कांनी न गाळलेली ओळ

सभेचे अध्यक्ष शंकरनारायण सर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज सेवानिवृत्त होणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापक डॉ. गायत्री अक्का, आणि कुंभकोणम्-पापनाशम् भागातून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी विश्वेश, मेलकावेरीचा शिंपी. विद्वानांच्या सभेत मी काय बोलणार? पण ज्यांची घरं अक्कांमुळे उभी आहेत, त्यांच्यापैकी कोणीतरी बोलायला हवं ना?

सहा वर्षांपूर्वी नदीकाठच्या आमच्या बत्तीस घरांना नोटीस आली. अतिक्रमण आहे, जागा सोडा. आमच्याकडे पूर्वजांचा, इथल्या मराठी राजांच्या काळातला एक मोडी कागद होता, पण तो वाचता कोणाला येत होता? अक्कांकडे धावलो. त्यांनी भिंग लावून वाचला आणि म्हणाल्या, "विश्वेश, पिढ्यान्‌पिढ्या राहायची परवानगी यात आहे. पण जमीन सरकारचीच राहील, असंही लिहिलंय."

"ती ओळ सोडून द्या की, अक्का. कोणाला कळणार?"

"मला कळेल. आणि एक गाळली, तर उरलेल्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?"

माझा तोल गेला. "तुमचं घर जात नाही, म्हणून तुम्हाला सत्य परवडतं!" त्यांच्या दारात उभा राहून मी ओरडलो. दुसऱ्या सकाळी अक्का विद्यार्थ्यांना घेऊन आमच्याच गल्लीत हजर!

वर्षभर कॉलेज सुटलं की त्या येत. शाळेचे जुने दाखले, लग्नपत्रिका, गल्लीतल्या नव्वदीच्या अंबाबाईंची जबानी, सगळं त्यांनी जमवलं. सुनावणीत समोरच्या वकिलांनी नेमकी तीच ओळ वाचली. न्यायाधीशांनी विचारलं, "हा कागद पूर्ण कोणी दिला?"

अक्का उठल्या. "मी. जसा आहे तसा."

त्यानंतर त्यांचा प्रत्येक पुरावा लक्ष देऊन वाचला गेला. अठ्ठावीस घरं राहिली. चार रस्ता रुंद करण्यात गेली. त्या कुटुंबांना शेजारच्या गल्लीत जागा मिळाली. त्या चार घरांसाठी अक्का अजून हळहळतात.

अक्का, दारात बोललो त्याची माफी मी कधी मागितली नाही. आज या सभेसमोर मागतो.

उद्यापासून कॉलेजात तुमची खोली नसेल. आमच्या घरातली पुढची खोली रिकामी केली आहे. टेबल मांडलंय, पंखा बसवलाय. गल्लीतल्या चार मुलींना मोडी शिकायचीय. याल ना?

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. आमची मराठी जुनी, त्यात तमिळही मिसळते. काही उणंअधिक झालं असेल तर आपलं माणूस म्हणून पदरात घ्या. नमस्कार.