आम्ही भांडत नाही हो, जेवतो!

...म्हणजे पोरगी बॅग भरून जिन्याच्या पायरीवर बसलीय, बूट चढवून, कोट घालून, आणि वर मलाच विचारतात, सोलांज, तुम्ही काय केलंत तिला? मी? मी काय करणार? जेवायला वाढलं! तुम्हाला सांगते, फिनलंडहून इथे फ्रान्सला मुलांचा गट आला, शाळेनं घराघरांत एकेक वाटून दिलं, आमच्या वाट्याला आली केर्तू. काडीसारखी पोर, आणि बोलायची इतकं हळू की मला वाटलं, माझेच कान गेले! आमची लेक मोड नोकरीसाठी कॅनडाला गेल्यापासून वरची खोली नुसती बंद, म्हणून मीच हौसेनं नाव दिलेलं... पडदे धुतले, गादीला ऊन दाखवलं. आणि ही बाई दुसऱ्याच सकाळी पायरीवर!

झालं काय, की पहिल्या दिवशी जेवायला मी ग्रातॅं केलं. बटाट्याचे पातळ काप, भरपूर साय, ओव्हनमधून वर छान खरपूस... आणि चीज. आता मी सावोआच्या डोंगरातली, आमच्याकडे चीज घालतात. नवरा, रेजिस, इथलाच, दोफिनेचा. यांच्याकडे ग्रातॅंत चीज म्हणजे महापाप! तर त्यानं काटा खाली ठेवला आणि सुरू झाला, "सोलांज, निदान पाहुण्यांसमोर तरी बटाट्याची अब्रू काढू नकोस!" मी म्हटलं, "हो का? आणि तुझ्या आईचं ग्रातॅं म्हणजे काय, आजाऱ्याची पेज!" सासूबाई शेजारीच बसलेल्या, त्या कशाला गप्प बसतात? "मी तेव्हाच म्हटलं होतं, डोंगरातली पोरगी नको!" रेजिस उठून उभा, नॅपकिन फेकला, मी टेबलावर हात आपटला, पावाची टोपली खाली... सगळं अगदी नेहमीसारखं, छान चाललेलं! लग्न झाल्यापासून दर ग्रातॅंला हेच. मग आम्ही काय भांडतो का? आम्ही जेवतो!

मग रेजिस तिच्याकडे वळला. "तूच सांग पोरी, चीज हवं की नको?" आणि ती, बिचारी, ताटलीत बघत म्हणाली, "दोन्ही... चांगलं." दोन्ही चांगलं! अहो, असं कुठे असतं का? आम्ही तिघंही तिच्यावर एकदम ओरडलो. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरात एकमत झालं!

सकाळी शाळेच्या बाई, मादाम बेर्तिये, दारात हजर. आणि कुजबुजत, कुजबुजत, "सोलांज, ती म्हणते, माझ्या उत्तरामुळे यांचं घर मोडलं. यांचा घटस्फोट व्हायच्या आत मला दुसरीकडे न्या." घटस्फोट! बटाट्यावरून! मी म्हटलं, "बाई, तुम्ही तर आपल्यातल्या ना? सांगा की तिला, आम्ही काय भांडतो का? आम्ही जेवतो!" तर म्हणतात, "त्यांच्याकडे आवाज चढला की सगळं संपलं असं धरतात. आज एक दिवस शांत राहून दाखवा. नाहीच जमलं, तर समोरच्या उगेतबाई तयार आहेत." उगेत! जी डब्यातलं सूप गरम करून वाढते, ती! मी दात-ओठ खाऊन म्हटलं, राहतो शांत.

बसलो जेवायला. उरलेलं ग्रातॅंच गरम केलेलं, पण चीजबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. "सोलांज, मीठ देशील का?" "घे ना, रेजिस." "फार आभारी आहे." फार आभारी! सासूबाई हळूच मला विचारतात, "कोण गेलं गं?"

आता हसू नका हं... मला भीती वाटली. खरंच. नवरा समोर बसलाय आणि मला त्याला सांगण्यासारखं काही सापडेना! लेक लांब गेली, दिवसभराचं बोलणं म्हणजे बिल भरलंस का, दार लावलंस का. मग आमच्यात उरलं काय? ते एक चीज! तेवढंही काढून घेतलं तर हा कोण आणि मी कोण? डोळे भरून आले. रेजिसनं ते पाहिलं, तोंड उघडलं... आणि मिटलं, कारण आवाज चढवायची बंदी!

केर्तू बघतेय. एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. पोरीचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा पांढरा. तिला बहुतेक कळलं, की घर मोडतं ते असं, ओरडून नाही. तिनं काटा ठेवला. मान वर केली. आणि टेबलावर हात आपटला, तोही बेतानंच, ग्लास सांडू नये म्हणून! "चीज," म्हणाली, "नको!"

काय सांगू तुम्हाला! रेजिसनं आरोळीच ठोकली, "ऐकलंस? बर्फातल्या पोरीला कळतं, तुला कळत नाही!" मी उठले, "ज्यांनी जन्मभर मासे खाल्ले त्यांना विचारतोस?" सासूबाई टाळ्या पिटतायत, केर्तू लालबुंद होऊन "नको! नको!", आणि मी रडतेय आणि ओरडतेय, रडतेय आणि ओरडतेय... इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. जेवण झाल्यावर बॅग तिनं स्वतःच वर नेली.

आणि काल परत मादाम बेर्तियेंचा फोन! "सोलांज, तिच्या आईनं मला फोन केला होता, फार घाबरल्यात. लेकीशी बोलत होत्या, तर मागे टेबल आपटल्याचे आवाज, आणि केर्तू चक्क ओरडत होती म्हणे. ती भांडते का हो तुमच्याकडे?" मी वळून टेबलाकडे बघितलं. तिकडे तिघं एका बाजूला, आणि माझी खुर्ची एकटी दुसऱ्या बाजूला. हौसेनं आणली मी, पडदे धुतले मी, आणि पोरीचं मत गेलं सासूबाईंना! आता काय करणार?

म्हटलं, "बाई, तिच्या आईला सांगा, काळजी करू नका. पोर जेवतेय."